वाचकांचे प्रश्न : काळ्या मातीवरचं घर

प्रश्न : जळगावात पिंप्राळा भागात आठ वर्षांचं रो-हाउस बघितलंय. शाळा, किराणा, रिक्षाथांबा, सगळं पायी अंतरावर. फक्त हॉलच्या खिडकीजवळ भेग आहे. मालक म्हणतात, लांबी (पुट्टी) भरली की झालं. घ्यावं का?

उत्तर : आधी भेगेचा आकार बघा. भिंतभर जाळीसारख्या, केसाएवढ्या भेगा असतील तर मालकांचं खरं. प्लास्टरला पाणी कमी मारलं गेलंय. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी चढत वर रुंद होणारी भेग बहुधा पायाची असते. आपली काळी माती पावसात फुगते, वैशाखात तडकते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. उन्हाळ्यात उघडलेली भेग पावसाळ्यानंतर मिटल्यासारखी दिसते, म्हणून एकदा बघून सौदा करू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि तारीख, मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा. पट्टा तुटला तर हालचाल चालू आहे. तिथे लांबी भरणं म्हणजे पैसे वाया.

दोष किरकोळ असेल तर पायाशी पाणी मुरू न देणं हाच निम्मा उपाय. घराभोवती मीटरभर रुंद फरशी करून बाहेरच्या बाजूला दोन इंच उतार द्या. पन्हाळीचं पाणी थेट गटारीत सोडा. भिंतीलगत पिंपळ-वड नको. उन्हाळ्यात मुळं ओल ओढतात आणि तेवढीच माती आकसते.

शाळा-किराण्याआधी गटार बघायला हवी होती. भुयारी गटार नसेल तर सांडपाणी शोषखड्ड्यात जातं, आणि फुगलेली काळी माती पाणी खाली झिरपू देत नाही. खड्डा मुरमापर्यंत खोल नसला की भर पावसात संडासाचं पाणी उलटं येतं. शेजारच्या ताईंना विचारा, त्या दोन मिनिटांत खरं सांगतील. बोअर असेल तर शेजाऱ्यांसह सगळ्यांचे शोषखड्डे त्यापासून निदान पंधरा मीटर लांब हवेत. रो-हाउसांच्या ओळीत हे जवळपास अशक्य, म्हणून बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.

प्रश्न : नळ तीन दिवसांआड येतो. जमिनीखालची टाकी केवढी बांधावी? आम्ही पाच जण आहोत.

उत्तर : माणशी 135 लिटर धरले तर रोज 675. तीन दिवसांआड म्हणजे चार दिवसांची सोय : 2,700 लिटर. एक पाळी चुकली की दुप्पट. आतून 2 मीटर लांब, दीड रुंद, 2 खोल बांधा, पाणी 1.8 मीटरपर्यंत धरलं तरी 5,400 लिटर बसतात. झाकणाची कडा अंगणापेक्षा सहा इंच वर, नाहीतर पहिल्याच वळवात गढूळ पाणी आत.

प्रश्न : कॉलनीतल्या ओपन स्पेसवर बिल्डर आता प्लॉट दाखवतोय.

उत्तर : टोकन देऊ नका. 0.4 हेक्टर वा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. नगररचना विभागातून मंजूर ले-आउटची प्रत काढा आणि प्लॉटचा नंबर त्यावर शोधा. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकातला नकाशा धरू नका. त्यात बाग नेहमीच हिरवी असते.