अमेरिकेत फेडरल अपील कोर्टाचं जज व्हायला कोणती परीक्षा द्यावी लागते?

तुम्ही विचारलंय की मुलगी इथेच वाढली, अकरावीत आहे, डिबेटमध्ये बक्षिसं मिळवते, तिला फेडरल अपील कोर्टाची जज व्हायचंय, तर परीक्षा कोणती, पात्रता काय आणि किती वर्षं लागतात.

परीक्षा नाही. पात्रताही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल जजसाठी वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीची नाही, नागरिकत्वाचीसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यायचं, सिनेटनं मंजूर करायचं, की झालात जज, तेही तहहयात. जेम्स बर्न्स नावाचे गृहस्थ लॉ स्कूलची पायरी न चढता १९४१ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात बसले होते. आज असं कुणी नेमत नाही, पण नियम तेव्हा जो होता तोच आता आहे.

इथे थांबता आलं असतं. पण ‘परीक्षा कोणती’ हे शब्द वाचले आणि राहवेना, कारण आमच्या घरात याच एका गोष्टीवरून बाप-लेकीचं आजतागायत जुंपलेलं आहे.

माझे वडील महाराष्ट्रात न्यायाधीश होते. एमपीएससीची जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची) परीक्षा देऊन ऐन पंचविशीत कनिष्ठ स्तर न्यायाधीश झाले, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा, सरकारी क्वार्टरचं तेच गळकं छप्पर. हायकोर्टासाठी नाव वर गेलं होतं म्हणे, पण ते वरच राहिलं आणि साठीला बाबा रिटायर झाले. मी पुण्यात एलएल.बी. केलं तेव्हा जेएमएफसीचा फॉर्म त्यांनी स्वतः आणून टेबलावर ठेवला होता. मी तो भरला नाही. एलएल.एम.ला इकडे आले, न्यूयॉर्कची बारची, म्हणजे वकिलीच्या सनदेची, परीक्षा दिली आणि आता शिकागोजवळ इमिग्रेशनची कामं करते. (इमिग्रेशन हा फेडरल कायदा, म्हणून न्यूयॉर्कच्या सनदेवर इलिनॉयमध्ये हे काम चालतं.) बाबांच्या लेखी मी ‘परीक्षेला घाबरलेली’. माझ्या लेखी पंचविशीत लोकांना तुरुंगात धाडायचा अधिकार मिळणं हाच मुळात अचाट प्रकार.

तर बाबा इकडे आले असताना माझं एक प्रकरण सेव्हन्थ सर्किटमध्ये लागलं होतं. इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांचं हे अपील कोर्ट. शिकागोत डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या डर्कसन बिल्डिंगमध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर बसतं. साडेनऊला काम सुरू होतं आणि तीन जज कोण, हे इथे त्याच दिवशी सकाळी कळतं, त्यामुळे अमक्या जजला काय आवडतं याचा अभ्यास करून यायची सोय नाही. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, आमच्याकडे हे केलं तर निम्मे वकील आजारी पडतील.

आत जाऊन बसले आणि शांत झाले. पक्षकारांची गर्दी नाही, तारीख मागणारा कुणी नाही, साक्षीदार नाही, ज्युरी नाही. तीन खुर्च्या, समोर एक उभं डेस्क, त्यावर दिवा. दोन्ही बाजूंना मोजून मिनिटं दिलेली. माझा नंबर आला. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत मधल्या जजनी अडवलं: रेकॉर्डमध्ये तुमच्या अशिलाच्या पहिल्या अर्जात एक तारीख आहे आणि साक्षीत दुसरी, इमिग्रेशन जजनी यावरून त्याला खोटा ठरवलं, मग आम्ही त्यात हात का घालावा? मी म्हटलं, दुभाष्यानं सुधारणा केली होती, ती साक्षीतच नोंदलेली आहे. उजवीकडचे जज लगेच, कोणत्या पानावर? मी पान सांगितलं. त्यांनी समोरच ते उघडलं, वाचलं, आणि पुढचा प्रश्न सरकारी वकिलासाठी राखून ठेवल्यासारखी मान हलवली. लाल दिवा लागला तेव्हा मी लिहून आणलेल्या भाषणातलं जेमतेम एक पान बोलले होते. अपील कोर्ट म्हणजे हे. तिथे भाषण करायचं नसतं, ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, सगळ्यांनी आधीच वाचलेलं असतं. तुमच्या मुलीचं डिबेट चांगलंच आहे, पण तिच्या लिखाणाकडे जास्त लक्ष द्या असं जे पुढे सांगणार आहे, ते यासाठी.

बाहेर चौकात शिल्पकार काल्डरचं ‘फ्लेमिंगो’ नावाचं ते भलंमोठं लाल शिल्प आहे, तिथे बसलो. बाबा माझ्या युक्तिवादाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पहिला प्रश्न: ‘‘ती मधली बाई कुठल्या परीक्षेतून आली?’’

‘‘परीक्षा नाही बाबा. खालच्या, साक्षीपुरावे नोंदवणाऱ्या ट्रायल कोर्टात जज होत्या, तिथून वर आल्या.’’

‘‘आणि तो पान विचारणारा?’’

‘‘मोठ्या फर्ममध्ये पार्टनर होते. थेट नेमणूक.’’

‘‘म्हणजे आयुष्यात एक साक्ष नोंदवलेली नाही?’’

‘‘जज म्हणून, नाही.’’

‘‘मग हा वशिलाच की!’’

इथून जे सुरू झालं ते घरी पोचून रात्रीच्या वरणभातापर्यंत. शेवटी मी इंटरनेटवरून सिनेट ज्युडिशिअरी कमिटीची प्रश्नावली काढून त्यांच्यासमोर ठेवली. प्रत्येक उमेदवाराला ती भरावी लागते आणि भरलेली प्रत कुणालाही वाचता येते. आजवर काय काय लिहिलंत, कुठे भाषणं दिलीत, कुठल्या संस्थांचे सभासद होतात, आणि मुख्य म्हणजे तुम्ही चालवलेले सर्वांत महत्त्वाचे दहा खटले. नुसती नावं नाहीत, खटल्यात तुमचं नेमकं काम काय होतं ते, आणि समोरच्या वकिलाचा फोन नंबरसुद्धा. बाबा पेन्सिल घेऊन बसले. फोन नंबरापाशी थबकले. ‘‘समोरच्या वकिलाला विचारतात? माझ्याबद्दल समोरच्या वकिलाला विचारलं असतं तर...’’ पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मग म्हणाले, ‘‘पण तपासणारे सगळे पुढारीच ना?’’

हो, पुढारीच. हे मी नाकारत नाही आणि तुम्हीही मुलीपासून लपवू नका. देशभरात तेरा अपील कोर्टं, मिळून १७९ जागा. सगळ्यात मोठ्या नाइन्थ सर्किटमध्ये २९, सगळ्यात लहान फर्स्ट सर्किटमध्ये ६. जागा रिकामी होते कुणी वारलं, रिटायर झालं किंवा ‘सीनियर’ झालं की. पासष्टी उलटल्यावर वय आणि नोकरीची वर्षं मिळून ऐंशी भरली तर पूर्ण पगारावर कमी काम घेता येतं, आणि बरेच जज आपल्या आवडीचा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत हे लांबवतात. म्हणजे तुमची मुलगी कितीही हुशार असली तरी ती पन्नाशीच्या आसपास असताना योग्य राज्यात जागा रिकामी व्हायला हवी, व्हाइट हाउसमध्ये तिच्या विचारांचा माणूस हवा आणि सिनेटही त्याच्याच हातात असलेलं बरं. पूर्वी त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांची निळ्या कागदावर संमती आल्याशिवाय गाडी हलत नसे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत अपील कोर्टांपुरती ती प्रथा मोडली, ती पुन्हा आली नाही. २०१३ पासून सिनेटमध्ये साध्या बहुमतावर काम भागतं.

आपल्या लोकांची उदाहरणं बघा. श्री श्रीनिवासन: जन्म चंदीगडचा, वाढले कॅन्ससमध्ये, स्टॅनफर्डला कायदा आणि एमबीए दोन्ही, आधी अपील कोर्टाच्या आणि मग सुप्रीम कोर्टाच्या जजकडे क्लर्क, पुढे सरकारतर्फे सुप्रीम कोर्टात वकिली. २०१३ मध्ये सिनेटनं ९७ विरुद्ध ० मतांनी डीसी सर्किटवर (राजधानी वॉशिंग्टनचं अपील कोर्ट) धाडलं, आणि २०२० पासून ते तिथले मुख्य जज. निओमी राव: प्राध्यापक, मग व्हाइट हाउसच्या नियमन कार्यालयाच्या प्रमुख, जज म्हणून शून्य अनुभव, २०१९ मध्ये त्याच डीसी सर्किटवर ५३ विरुद्ध ४६. अमूल थापर: सरकारी वकील, २००८ पासून केंटकीत ट्रायल जज, २०१७ मध्ये सिक्स्थ सर्किट. रूपाली देसाई फिनिक्सच्या एका फर्ममध्ये पार्टनर होत्या, निवडणुकांचे खटले लढवत, त्या २०२२ मध्ये नाइन्थ सर्किटवर गेल्या. चौघांचे चार रस्ते. पण चौघांनीही तरुणपणी फेडरल जजकडे क्लर्कशिप केली आहे, आणि सगळ्यात मोलाचं तेच आहे.

क्लर्कशिप म्हणजे लॉ स्कूल झाल्यावर वर्ष-दोन वर्षं जजच्या चेंबरमध्ये बसून रेकॉर्ड वाचणं, कायदा शोधणं, निकालाचे मसुदे लिहिणं. पगार मोठ्या फर्मच्या मानानं चिल्लर, आणि मिळणं महाकठीण, कारण निवड बहुतेक लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि प्राध्यापकांच्या शब्दावर होते. त्या पहिल्या वर्षात घसरलं की पुढे सावरायला फार कष्ट पडतात. म्हणजे तुम्हाला ‘परीक्षा’ हवीच असेल तर ती हीच. कॉलेजची चार वर्षं, लॉ स्कूलची तीन, बार, क्लर्कशिप, मग पंधरा-वीस वर्षं अशी वकिली की ज्यात तुमचं नाव ब्रीफवर आहे आणि निकालात त्या ब्रीफची दखल आहे. अमेरिकन बार असोसिएशन निदान बारा वर्षांचा अनुभव बघते आणि ‘क्वालिफाइड’, ‘नॉट क्वालिफाइड’ असे शेरे मारते. त्याला किती किंमत आहे ते जस्टिन वॉकर यांच्यावरून कळेल. २०१९ मध्ये ट्रायल जज होताना अनुभव तोकडा म्हणून नापास, तरी जज झालेच. २०२० मध्ये अडतिसाव्या वर्षी डीसी सर्किटवर.

माझं स्पष्ट मत विचाराल तर सरकारी वकील आणि मोठी फर्म या दोनच दारांनी जज आत यायचे, ते वाईट होतं. शिकागोतच गरीब आरोपींची बाजू घेणाऱ्या फेडरल डिफेंडर कार्यालयात दशकभर काम केलेल्या कँडेस जॅक्सन-अकिवुमी २०२१ मध्ये सेव्हन्थ सर्किटवर आल्या. आरोपीच्या शेजारी बसून रेकॉर्ड वाचलेला माणूस त्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर असला की प्रश्न वेगळे येतात. मी समोर उभी राहते, मला फरक कळतो.

पैशासाठी असेल तर सोडून द्या. अपील जजला साधारण दोन लाख साठ हजार डॉलर मिळतात; मोठ्या फर्ममधलं पहिल्या वर्षाचं पोर दोन लाख पंचवीस हजारांवर सुरू होतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. अटच नाही म्हटलं, पण डीसी सोडलं तर नेमणुकीच्या वेळी माणूस त्या सर्किटमध्ये राहणारा असावा असा कायदा आहे, म्हणजे शिकागोत राहून कॅलिफोर्नियाच्या जागेवर डोळा ठेवता येत नाही. नागरिकत्व घटनेत नसलं तरी नागरिक नसलेल्या माणसाचं नाव कुणी पुढे करणार नाही. एफबीआय सगळं आयुष्य उकरते, कर वेळेवर भरलेला असू द्या. आणि लिखाण: तिला महिन्यातून एकदा अपील कोर्टाचा एक निकाल वाचायला लावा आणि हरलेल्या बाजूनं दोन पानं लिहायला सांगा. सुनावणीला जायला परवानगी लागत नाही, ओळखपत्र घेऊन सकाळी पोचायचं.

बाबा, हे तुम्ही वाचणार आहातच, दादा तुम्हाला पाठवेलच. परीक्षेनं वशिला थांबतो हे मला मान्य आहे. पण परीक्षा पास झालेल्या पोराला कोर्टाचं काम येतंच असं नाही, हे तुमच्याच कोर्टातले जुने शिरस्तेदार मला सांगायचे. २०२५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, ती उगाच नव्हे. आणि तुमचं नाव वर जाऊन अडकलं तेव्हा ते कुणी अडवलं, का अडवलं, हे आजही तुम्हाला माहीत नाही. इथे राव यांच्या विरोधात मत देणाऱ्या ४६ जणांची नावं छापून येतात. मला हा उघडा तमाशा चालेल.

ता. क. तुमच्या मुलीला अर्ज भरूनच जज व्हायचं असेल तर तोही रस्ता आहे. फेडरल मॅजिस्ट्रेट जज आणि बँकरप्सी जज यांच्या जागांची जाहिरात येते, समिती मुलाखती घेते, मॅजिस्ट्रेटला निदान पाच वर्षांची सनद लागते. मुदत अनुक्रमे आठ आणि चौदा वर्षं, तहहयात नाही. तिथून वर जाता येतं, पण जाल याची हमी नाही.