'व्हीगन'ला 'शुद्ध शाकाहारी' म्हणावे का?

विविध देशांतील व्हीगन (प्राणिजन्य अन्न व वस्तू शक्य तितक्या टाळणाऱ्या लोकांच्या) संघटनांच्या परस्परसहकार्यावरील लेखाचे भाषांतर करताना 'व्हीगन चळवळ' असेच ठेवावे की 'शुद्ध शाकाहारी चळवळ' लिहावे, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते मूळ शब्दच ठेवावा.

'शुद्ध शाकाहारी' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात मांस, मासे आणि अंडी वर्ज्य होतात. दूध, तूप, मध मात्र त्यात निर्धास्त बसतात. मुळात दुधाच्या प्रश्नावरूनच 'व्हीगन' या शब्दाची गरज पडली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य मानणारे त्यांचे शाकाहारी सहकारी एकत्र आले आणि 'व्हेजिटेरियन' शब्दाच्या रोमन लिपीतील पहिल्या तीन व शेवटच्या दोन अक्षरांपासून त्यांनी नवे नाव घडवले. पुढे १९५१ मध्ये याच चळवळीतील लेस्ली क्रॉस यांनी, माणसाने प्राण्यांचे शोषण न करता जगावे हे तत्त्व, अशी त्याची व्याख्या मांडली. त्यामुळे कातडे, लोकर आणि प्राण्यांवरील चाचण्याही या शब्दाच्या कक्षेत येतात. 'वनस्पत्याहारी' हा शब्द मला आवडतो, परंतु तो ताटापाशीच थांबतो.

फ्रेंच भाषेने हा फरक फार नेमका जपला आहे: तेथे केवळ आहारासाठी 'वेजेतालियँ' आणि संपूर्ण जीवनपद्धतीसाठी 'वेगान' असे दोन शब्द आहेत. स्पॅनिश व जर्मन भाषांनीही मूळ शब्द थोड्या फरकाने स्वीकारला. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या २०२१ च्या २३६६२ क्रमांकाच्या मानकात शाकाहारी आणि व्हीगन अन्नाचे निकष वेगवेगळे दिले आहेत. दोन देशांच्या संघटना एखाद्या चिन्हावर किंवा मोहिमेवर एकमत करतात, तेव्हा त्या याच भेदावर उभ्या असतात. मराठी भाषांतराने तो पुसला, तर त्यांचे एकमत कशावर झाले हेच वाचकाला कळणार नाही.

परका शब्द जसाच्या तसा घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. एच. जे दिनशा यांनी १९६० मध्ये अमेरिकन व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हा तिच्या नियतकालिकाला 'अहिंसा' हे नाव दिले. आपला शब्द तिकडे भाषांतराविना गेला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

लेखनाविषयी थोडे. इंग्रजी उच्चारात पहिला स्वर दीर्घ 'ई' असल्याने 'व्हीगन' लिहावे. 'व्हेगन' हे रूप स्पेलिंगवरून आले असून ते रूढही आहे, पण 'व्हेजन' टाळावे. विशेषण म्हणून शब्द अविकारी ठेवावा: व्हीगन आहार, व्हीगन संघटना. तत्त्वासाठी 'व्हीगनवाद' योग्य वाटतो. लेखात हा शब्द प्रथम येईल तेथे 'प्राणिजन्य अन्न व वस्तू शक्य तितक्या टाळणारी जीवनपद्धती' एवढा खुलासा जोडावा आणि पुढे सर्वत्र तोच शब्द वापरावा.