अडतीस फॉर्मवर प्रोजेक्ट होतो का?

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. न्यूट्रिशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या आहारातलं लोह हा माझा प्रोजेक्ट. ६० जणींची माहिती घ्यायची होती, ३८ वर अडकले. सबमिशनला पाच आठवडे आहेत. मैत्रिणी म्हणतात, उरलेले फॉर्म घरी बसून भर. एका जिममध्ये नोकरीही मिळतेय, पण लगेच रुजू व्हायचंय. प्रोजेक्ट सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. आणि घरी बसून एकही फॉर्म भरू नकोस, हे तर आधी सांगते. त्या ३८ जणींनी चार घरची धुणीभांडी आटोपून तुझ्यासमोर बसून कालपासून काय खाल्लं ते आठवून सांगितलंय. त्यात २२ खोट्या बायका मिसळल्यास तर खऱ्या ३८ जणींचं सांगणंही वाया जाईल.

३८ वर प्रोजेक्ट होतो, फक्त प्रश्न लहान कर. 'आहार आणि अॅनिमियाचा संबंध' एवढं मोठं विधान या संख्येवर पेलणार नाही. त्याऐवजी एवढंच विचार : यातल्या किती जणी जेवणासोबत किंवा त्यानंतर लगेच चहा घेतात, आणि रोजचं लोह किती पोटात जातं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. सकाळी चहा-चपातीवर निघणाऱ्या बाईच्या ताटात आधीच लोह कमी, त्यात चहातल्या टॅनिनमुळे जे आहे तेही नीट शोषलं जात नाही. जेवणावर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. हे वस्तीत जाऊन सांगता येण्यासारखं आहे, म्हणून मला तुझा विषय मनापासून आवडला.

एक गोष्ट मात्र तपास. तुझ्या फॉर्ममध्ये 'एक वाटी आमटी' लिहिलं असेल, तर ती वाटी कुणाची? तुझ्या घरची की त्यांची? दोन-तीन घरी जाऊन त्यांच्याच वाटीत पाणी भर आणि मापपात्रात ओतून बघ. आमटी किती पातळ असते तेही विचार, कारण डाळ किती पडली यावरच सगळा हिशेब आहे. मग कोणत्या पदार्थात लोह किती ते सांगणारे एनआयएनचे २०१७ चे अन्नघटक तक्ते घेऊन बस. हे काम दोन दिवसांचं आहे, पण परीक्षक नेमकं इथंच बोट ठेवतात.

संख्या आणि प्रश्न बदलल्याचं गाइडना आणि एथिक्स कमिटीला लेखी कळव, त्यांची संमती घेऊनच पुढे जा. रिपोर्टच्या मर्यादांमध्ये ३८ का झाल्या ते सरळ लिही.

जिमवाल्यांना सहा आठवड्यांनी येते म्हणून सांग. तेवढंही थांबत नसतील तर जाऊ दे, पुढे एम.एस्सी. हाती असताना रुग्णालयांतही अर्ज करता येईल. आणि वस्तीत जायचंच असेल तर दुपारी दोनच्या सुमारास जा, तेव्हा त्या कामावरून परतलेल्या असतात. चार-पाच जणी आणखी भेटल्या तर बरंच.