रॅपमधला 'बार' कुठला?

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "माहा भाचा दिवसभर कानात बोंडं घालून असते. म्हणते, 'मामा, डूमसारखे बार कोणीच टाकत नाही, पण तो अंडरग्राउंड होता.' हा बार बंदुकीचाच ना? अन् अंडरग्राउंडले भूमिगत म्हनावं काय?"

बंदुकीचा नाही. भाच्याचा डूम म्हणजे एमएफ डूम हा रॅपर, आणि हा बार त्याच्या गाण्यातला. तसं वाटणं साहजिक आहे म्हणा. आपल्याकडे बार भरतात, उडवतात, फुसका निघाला की हसतात, आणि लग्नाचाही बारच उडतो. तो बार फारसीतून आलेला. मूळ अर्थ ओझं. तुरीच्या खरेदीत ऐन वेळी संपणारा बारदाना त्याच घराण्यातला. रॅपरचा बार मात्र इंग्रजी. पाश्चात्त्य स्वरलिपीत तालाचे भाग पाडायला उभी रेघ मारतात, ती बार. पुढे दोन रेघांमधल्या जागेलाही तेच नाव पडलं. दारूचा बार हाही इंग्रजीतला तोच शब्द, मुळात दांडा किंवा अडसर. म्हणजे भाच्याचा बार शिकाऱ्यापेक्षा परमिट रूमच्या जवळचा निघाला. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असली तरी तिथल्या पोरांना बार टाकायला हरकत नाही.

एका बारात चार ठोके, आणि रॅपचं कडवं बहुधा 16 बारांचं, म्हणजे 64 ठोक्यांचं. गावच्या भजनात खंजिरीवर कहरवा धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. समेवर कुठे यायचं ते त्याच्या बोटांना ठाऊक असतं. साधारणपणे एक बार म्हणजे एक ओळ. म्हणून 'त्याचे बार भारी आहेत' याचा अर्थ आवाज भारी असा होत नाही, तेवढ्या चार ठोक्यांत तो काय काय बसवतो ते भारी, असा होतो.

बसवायचं ते मुख्यतः यमक. सुरुवातीच्या रॅपमध्ये यमक बरंचसं ओळीच्या टोकाला असे. रकीम या रॅपरने, डीजे एरिक बीबरोबरच्या 1987 च्या अल्बमपासून, ते ओळीच्या पोटात पेरलं आणि ओळ ठोक्याच्या पलीकडे वाहू दिली. डूम त्याच वाटेने फार पुढे गेला: एकाच अक्षरावर न थांबता चार-चार, पाच-पाच अक्षरांचे स्वर ओळीमागून ओळीत जुळवायचे, आणि तेही गप्पा मारल्यासारख्या सुस्त आवाजात. त्याच्या इंग्रजी ओळी इथे देण्यापेक्षा मीच जुळवलेल्या दोन वऱ्हाडी ओळी घ्या (पराटी म्हणजे कपाशी):

पराटीले बोंड नाही,
घराकडे तोंड नाही.

'बोंड-तोंड' कोणीही जुळवेल. पण 'पराटीले' आणि 'घराकडे' मोठ्याने म्हणून पाहा: चार-चार अक्षरं, 'परा'खाली 'घरा', शेवटी दोन्हीकडे ए. शिवाय 'तोंड नाही'चे दोन अर्थ: पाय घराकडे वळत नाहीत, आणि घरी जायला तोंड उरलं नाही. ही दोन ओळींची कारागिरी झाली. डूम कडवंच्या कडवं असं चालवतो आणि मधेच विनोदही करतो. मराठीला हा नाद नवा नाही. वामन पंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणत, आणि त्यात कौतुकाइतकीच थट्टा होती. ती थट्टा रॅपलाही लागू आहे: नुसती जुळवाजुळव लवकर कंटाळा आणते.

'भूमिगत' मात्र नको. चिमूर-आष्टीच्या मुलखात त्या शब्दाला 1942 चा वास आहे. पोलिसांना चुकवणारा कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. डूम कोणापासून पळत नव्हता. 1971 साली लंडनला जन्मलेला, न्यूयॉर्कजवळ वाढलेला हा माणूस आधी मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडेच होता. 1993 मध्ये भाऊ गेला, पाठोपाठ कंपनीनेही हात सोडला. काही वर्षांनी तो धातूचा मुखवटा घालून परतला आणि बहुतेक काम छोट्या कंपन्यांकडून काढलं. संगीत रचणाऱ्या मॅडलिबबरोबरचा 'मॅडव्हिलनी' हा 2004 चा अल्बम त्यातलाच. बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याबाहेरचा, एवढाच इथे अंडरग्राउंडचा अर्थ. शब्द तसाच ठेवावा. भाच्याच्या तोंडी तो रुळलाच आहे.

मग थोरांच्या पंगतीत त्याचं पान कुठे? लिहिण्यात, माझ्या मते, रकीमच्या शेजारी. मंचावर तसं म्हणवत नाही. काही कार्यक्रमांना त्याने मुखवटा घालून दुसराच माणूस पाठवला होता. आपल्याकडे खडी गंमतीत शाहिराने असं केलं असतं तर लोकांनी डफासकट हाकललं असतं.

व्याकरणाचं राहिलं. बार पुल्लिंगी: एक बार, दोन बार. 'बार्स' म्हणायची गरज नाही. आणि 'टाकणे' चांगलं बसलंय, ते राहू द्या.