सरासरीचं सूत्र जरा थांबू द्या

मॅडम, सातवीला सरासरी शिकवताना सूत्र फळ्यावर लिहायची घाई करू नका. पाच मुलांना चिंचोके द्या: 2, 3, 7, 4, 4. सगळ्यांचे सारखे करायला सांगा. 7 चिंचोकेवाला नाखुशीने तीन देतो, प्रत्येकाकडे 4 होतात. बेरीज-भागाकार मग मुलंच सुचवतात. आता 34 चिंचोकेवाला सहावा आणा. सरासरी 9! पण पाच जणांकडे तर त्याहून कमीच. इथे वर्गाला भरपूर बोलू द्या, हा तास मला फार प्रिय आहे.

स्तंभालेखात वहीची सजावट नको, प्रमाण बघा. उभा अक्ष शून्याऐवजी 38 पासून काढला, तर 40 आणि 44 चे स्तंभ 2 आणि 6 एककांचे, म्हणजे दुसरा पहिल्याच्या तिप्पट दिसतो. शून्यापासूनचा आणि 38 पासूनचा, दोन्ही आलेख शेजारी काढून घ्या.