ठेकेदाराने करार मोडला, खानापूरला दाद कुठे मागू?

ताई, तुम्ही लिहिलंय की ठेकेदार आगाऊ पैसे घेऊन प्लिंथपर्यंतच (बांधकामाच्या जोत्यापर्यंतच) काम करून गेला, करार कन्नडमध्ये आहे आणि पोलीस म्हणतात कोर्टात जा. पोलिसांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसत नसेल, तर हा दिवाणी वाद ठरतो.

आधी कागद सांभाळा. स्टॅम्प पेपरची मूळ प्रत, फोनपेच्या नोंदी, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, काहीही पुसू नका. उघड्या पडलेल्या कॉलमच्या सळ्या पावसात गंजतायत ना, त्यांचे फोटो आजच काढा. दुसऱ्या मेस्त्रीकडून उरलेल्या कामाचं लेखी अंदाजपत्रक घ्या, कारण भरपाईचा आकडा त्यावरूनच ठरेल. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 प्रमाणे करार मोडल्याने झालेलं नुकसान मागता येतं. करारात दंडाची रक्कम लिहिली असेल तर कलम 74 लागतं, पण तीही पूर्ण मिळेलच असं नाही.

कन्नड मजकूर विश्वासातल्या माणसाकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या. "मला वाचता येत नव्हतं" एवढ्यावर सहीच्या जबाबदारीतून सुटका होत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका, ही माझी कळकळीची विनंती. महिलांना उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवा मोफत आहे. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. दावा लावण्याआधी ठेकेदाराला नोटीस पाठवा. करार मोडल्यापासून दाव्याला 3 वर्षांची मुदत असते.