निवडीची यादी दिसत नाही

प्रश्न : संगणकावर विंडोज व उबुंटू दोन्ही असूनही निवडीची यादी न येता थेट उबुंटू सुरू होते. काय करावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : यादी बहुधा नाहीशी झालेली नसून लपलेली आहे, कारण दुसरी प्रणाली आढळली नाही तर उबुंटू ती दाखवत नाही, आणि ग्रब या यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणालीचा हा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. संगणक सुरू होताच एस्केप कळ एकदाच दाबून पाहावी; बायोस (संगणक सुरू करणारी जुन्या पद्धतीची अंतर्गत व्यवस्था) असलेल्या जुन्या संगणकावर शिफ्ट धरून ठेवावी. नंतर ‘इटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ फाइलची प्रत आवर्जून काढून, तीत टाइमआउट-स्टाइलपुढे ‘मेन्यू’, टाइमआउटपुढे १० आणि डिसेबल-ओएस-प्रोबरपुढे (वरील शोध बंद ठेवणारा पर्याय) ‘फॉल्स’ लिहावे. शेवटी टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. ती राहिल्यास बदल लागूच होत नाहीत.